फिन तुटली नाही, सोलून निघाली! रॉकेटसाठी इपॉक्सी कुठलं घ्यावं, कसं वापरावं?

उंचझेप (प्रश्न)

मंडळी जरा मदत हवीये. आत्तापर्यंत कागदी ट्यूब आणि बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) फिनची, म्हणजे शेपटाकडच्या पात्यांची, छोटी रॉकेट्स केली, सगळी साध्या सुतारी ग्लूने, एकही फिन कधी निघाली नाही. यावेळी पहिल्यांदाच मोठं करायला घेतलं, ७५ मिमीची फायबरग्लास ट्यूब, ३ मिमी जाडीच्या फायबरग्लासच्याच तीन फिन, आत ३८ मिमीचा मोटर माउंट (मोटर बसवायची आतली नळी), एच मोटरवर (अक्षर म्हणजे मोटरच्या ताकदीचा वर्ग) उडवायचं म्हणून. फिनला टॅब आहे, तो बॉडीच्या खाचेतून आत जाऊन मोटर ट्यूबला टेकतो. सगळीकडे पाच मिनिटवालं इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून लावायचा गोंद) वापरलं कारण तेच हातात होतं आणि फिन हाताने धरून ठेवायला बरं पडतं.

उड्डाण एकदम सरळ झालं, पॅराशूट उघडलं, गवतावर उतरलं, जरा जोरात उतरलं पण दगडावर वगैरे नाही, आणि जवळ जाऊन बघतो तर एक फिन शेजारी पडलेली. तुटलेली नाही हो, निघालेली. फिनच्या कडेला इपॉक्सीचा कण पण नाही. सगळं इपॉक्सी बॉडीच्या बाजूला तसंच बसलंय आणि त्यात फिनचा छाप उमटलाय, काचेच्या कापडाची वीण सुद्धा दिसते, हात फिरवला तर गुळगुळीत, उजेडात धरलं तर चकाकतं. आणि एका कोपऱ्यात नखाने दाबलं तर नख रुततंय, रबरासारखं लागतंय. बाकीच्या दोन फिन हलवून बघायची हिंमत होत नाहीये.

तर प्रश्न असे की नक्की कुठलं इपॉक्सी घ्यायला हवं होतं? पाच मिनिट, तीस मिनिट, लॅमिनेटिंगवालं (काचेच्या कापडात जिरवायचं पातळ), कोण म्हणतं स्ट्रक्चरल अ‍ॅडेसिव्हच पाहिजे, डोकं फिरायची वेळ आलीये. महागातलं घेतलं तर हा प्रश्न सुटेल का? फिलेट (फिन आणि ट्यूबच्या कोपऱ्यात भरलेली इपॉक्सीची गोलसर पट्टी) मोठी केली तर चालेल का? खूप मन लावून केलं होतं हे रॉकेट, पुन्हा असं व्हायला नकोय.

---

फायबरफिन

अरेरे, वाईट वाटलं वाचून, पण तू जे नीट बघून लिहिलंयस ना त्यातच निम्मं उत्तर आहे. निघालेल्या जोडाकडे असंच बघायला हवं, बहुतेक जण फेकून देतात आणि नवीन बाटली आणतात.

इपॉक्सीचा जोड दोन तऱ्हेने जातो. एक म्हणजे इपॉक्सी स्वतः मधून फाटतं किंवा लाकूड, कागद, फायबर फाटतं, तेव्हा दोन्ही बाजूंना खडबडीत अवशेष राहतात. दुसरा म्हणजे इपॉक्सी पृष्ठभाग सोडून देतं, एक बाजू कोरी आणि दुसरी बाजू चकचकीत. तुझा दुसरा प्रकार आहे. म्हणजे इपॉक्सी किती ताकदीचं होतं हा प्रश्नच आला नाही, ते फिनला चिकटलंच नव्हतं, नुसतं साच्यासारखं तिच्याभोवती बसलं होतं. याजागी जगातलं सगळ्यात महाग अ‍ॅडेसिव्ह असतं तरी हेच झालं असतं, म्हणून बाटली बदलायच्या आधी हे ऐक.

फिन घासल्या होत्यास का? फायबरग्लासच्या शीटवर आणि ट्यूबवर तयार करताना वापरलेलं रिलीज एजंट राहिलेलं असतं, ते असतंच मुळी चिकटू नये म्हणून. आणि वरचा थर रेझिनचा, काचेसारखा गुळगुळीत. आधी साबण-पाण्याने धुवायचं, वाळवायचं, मग घासायचं, हा क्रम उलटा करू नको, कारण आधी घासलंस तर तो मेणचट थर ओरखड्यांच्या आत दाबला जातो. ८० नंबरचा पॉलिश पेपर घे आणि चकाकी पूर्ण जाईपर्यंत घास, सगळीकडे मळकट पांढरं दिसलं पाहिजे, एकही चमकणारा ठिपका नको. ट्यूबच्या आतली बाजू सुद्धा, ती साच्याच्या रॉडवरून निघालेली असते त्यामुळे अजूनच गुळगुळीत. मोटर ट्यूबची बाहेरची बाजू जिथे टॅब टेकतो तिथे पण. मग धूळ झटकून स्वच्छ कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं, प्रत्येक पुसण्याला कापडाची नवी घडी, आणि त्यानंतर उघड्या बोटाने हात लावायचा नाही.

खात्री करायची असेल तर अल्कोहोलच्या आधी थोडं पाणी टाकून बघ. पाणी पातळ चादरीसारखं पसरलं तर जागा तयार, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर अजून मेण आहे, पुन्हा धू.

आणि ते नख रुततंय ते वेगळं प्रकरण आहे, ते मिसळण्यात चुकलंय. एक विचारतो, उडवायच्या आधी रॉकेट कुठे उन्हात किंवा बंद गाडीत ठेवलं होतं का?

---

उंचझेप

फायबरफिन दादा, घासलं होतं पण खरं सांगायचं तर वरवर, २२० ने दोन-चार हात मारले, फिन खराब होतील असं वाटलं. धुतलं तर अजिबात नाही.

आणि हो, गाडीतच होतं, मागच्या सीटवर, चांगले दोन-तीन तास, बाहेर कडक ऊन. आता आठवतंय की काढताना तीच फिन मला थोडी तिरकी वाटली होती, मला वाटलं माझा भास.

---

तोलमाप

भास नव्हता. पाच मिनिटवाल्या इपॉक्सीची हीच मोठी अडचण आहे. त्याचा हार्डनर वेगळ्या जातीचा असतो, मर्कॅप्टन प्रकारचा, म्हणूनच त्याला तो सडका गंधकासारखा वास येतो, आणि तो झटकन धरतो हे खरं पण धरल्यावर उष्णता फार सोसत नाही. साधारण ५०-६० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यातली बरीच इपॉक्सी मऊ पडायला लागतात, आणि उन्हातली बंद गाडी तिथपर्यंत आरामात जाते, काळा किंवा गडद रंग दिलेला असेल तर रॉकेटचा पृष्ठभाग त्याच्याही पुढे. मऊ झालेल्या जोडावर फिनचं स्वतःचं वजन जरी तासनतास पडून राहिलं तरी ती हळूहळू सरकते. ओलाव्यापुढे पण ते कमीच टिकतं.

मी त्याला टाकाऊ म्हणत नाहीये, माझ्या टेबलावर कायम असतं. फिन सरळ रेषेत धरून एका जागी टाचायला, जिग लावायला, लाँच लगला (उडताना दांडीवरून सरकणाऱ्या छोट्या नळीला) दोन टाके मारायला उत्तम. पण ते टाचणीचं काम, खऱ्या जोडाचं नाही. खरा जोड त्याच्यावर मग हळू धरणाऱ्या इपॉक्सीने करायचा.

आता मिनिटांबद्दल. बाटलीवरचा ५, ३०, ६० हा आकडा म्हणजे मिसळल्यावर हातात किती वेळ आहे तो, पॉट लाइफ. पूर्ण ताकद यायला जवळजवळ सगळ्यांनाच चोवीस तास तरी लागतात, हळूवाल्यांना आणखी जास्त. आणि तो आकडा सुद्धा खोलीच्या तापमानावर आणि तू किती ढीग मिसळलास त्यावर बदलतो. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग अंदाजे दुप्पट, थंडीत उलट. मोठा ढीग कपात ठेवला तर तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो, तापला की अजून जोरात धरतो, आणि मग धूर निघतो, कप वितळतो. हे मी अंगावर काढलंय, लॅमिनेटिंगचं २०० ग्रॅम एकदम मिसळलं आणि फोन घ्यायला वळलो, परत आलो तर कप वाकडा होऊन टेबलाला चिकटलेला आणि खोलीभर धूर. तेव्हापासून ५० ग्रॅमच्या वर एका वेळी मिसळत नाही आणि मिसळून झालं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओततो, पातळ थर लवकर तापत नाही, दुप्पट वेळ मिळतो कामाला.

नख रुततं त्याचं नेहमीचं कारण प्रमाण. इपॉक्सीमध्ये हार्डनर म्हणजे नुसतं गोष्ट लवकर व्हावी म्हणून घातलेला मसाला नाही, रेझिनचा प्रत्येक रेणू हार्डनरच्या रेणूशी जोडला जातो, दोघांची मोजणी जुळावी लागते. जास्त हार्डनर घातला तर लवकर आणि घट्ट होईल हा समज पॉलिस्टर रेझिनवरून आलाय, तिथे दुसरा भाग फक्त उत्प्रेरक असतो. इपॉक्सीत जो भाग जास्त झाला तो तसाच जोडीदाराविना आत पडून राहतो आणि जोड कायमचा रबरी राहतो, महिनाभर ठेव नाहीतर वर्षभर.

आणि प्रमाण आकारमानाचं आहे का वजनाचं ते नीट वाच. दोन्ही सारखे नसतात कारण हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो. उदाहरण देतो, वेस्ट सिस्टिमचं १०५ रेझिन आणि २०७ हार्डनर, पंपाने म्हणजे आकारमानाने ३ ला १, पण काट्यावर साधारण ३.५ ला १. काट्यावर ३ ला १ केलंस की चुकलास. मी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वापरतो, दहा-वीस ग्रॅमच्या कामाला अंदाजपंचे चालतच नाही, एक ग्रॅम इकडे तिकडे म्हणजे मोठी चूक.

अजून एक. नख फक्त एका कोपऱ्यात रुततंय ना, सगळीकडे नाही? म्हणजे प्रमाण बरोबर असेल पण नीट ढवळलं गेलं नाही. कपाच्या कडेला आणि तळाच्या कोपऱ्यात न मिसळलेलं रेझिन चिकटून राहतं आणि शेवटी कप निपटून काढताना तेच जोडात जातं. दोन मिनिटं सावकाश ढवळायचं, कडा आणि तळ खरवडत, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळायचं, आणि पहिल्या कपाला पुन्हा हात लावायचा नाही. पाच मिनिटवाल्यात एवढा वेळच मिळत नाही, हे त्याच्या विरुद्धचं अजून एक कारण.

---

सुतारपक्षी

वरचं दोघांचं पटलं, पण माझी एक कळकळीची विनंती आहे, वाचणारे नवीन लोक असतील त्यांच्यासाठी. इपॉक्सी म्हणजे भारी आणि लाकडाचा ग्लू म्हणजे पोरखेळ असं नाहीये. कागदी ट्यूब, बाल्सा, प्लायवूड, म्हणजे जिथे दोन्ही बाजू सच्छिद्र आहेत तिथे पिवळा सुतारी ग्लू कागदापेक्षा मजबूत जोड देतो, तोडून बघा, कागद फाटतो, जोड राहतो. हलका, पाण्याने धुता येतो, अ‍ॅलर्जी नाही. दोन्ही कडांना पातळ हात मारायचा, थोडं सुकू द्यायचं, परत हात मारून दाबायचं, बस. मी स्वतः कागद आणि प्लायची रॉकेट्स आय मोटरवर (एचच्या वरचा वर्ग) याच ग्लूने उडवलीत.

अडचण दोनच ठिकाणी. एक, मोटर माउंट लांब ट्यूबमध्ये सरकवताना हा ग्लू अर्ध्यातच धरतो आणि माउंट मधेच अडकून बसतो, ना पुढे ना मागे, तिथे इपॉक्सी लावा कारण ते धरेपर्यंत वंगणासारखं सरकू देतं. दुसरी, फायबरग्लास, फेनॉलिक, धातू, प्लास्टिक, जिथे पाणी शोषलं जाणार नाही तिथे सुतारी ग्लू सुकणारच नाही, तिथे इपॉक्सीला पर्याय नाही. म्हणजे उंचझेप, तुझ्यासाठी इपॉक्सीच.

पण फिलेट मोठी करू का असं विचारलंस म्हणून सांगतो, थांब. इपॉक्सी जड आहे, पाण्यापेक्षा जड, एक सीसी म्हणजे साधारण १.१ ते १.२ ग्रॅम, आणि ते सगळं जातं शेपटाकडे, जिथे वजन अजिबात नकोय. हिशोब करून बघू. समज रॉकेट १५०० ग्रॅम, गुरुत्वमध्य टोकापासून ९० सेमीवर. शेपटाला १४५ सेमीवर तू ६० ग्रॅम इपॉक्सी जास्तीचं घातलंस. गुरुत्वमध्य साधारण २.१ सेमी मागे आला. तुझी ट्यूब ७५ मिमीची, म्हणजे पाव कॅलिबरपेक्षा (एक कॅलिबर म्हणजे ट्यूबचा एक व्यास) जास्त स्थिरता गेली, आणि आपण धडपडतो किती, तर गुरुत्वमध्य दाबमध्याच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे एक ते दोन कॅलिबर राहावा म्हणून. ते भरून काढायला टोकाजवळ ४१ ग्रॅम घालावे लागतील. म्हणजे १०१ ग्रॅम वाढले आणि रॉकेट आहे तिथेच. प्रत्येक टप्प्यानंतर रॉकेट काट्यावर ठेवा, वहीत लिहा, आणि ओपनरॉकेटमध्ये (रॉकेटचं उड्डाण आधीच संगणकावर तपासायचा प्रोग्रॅम) कंपनीने दिलेलं वजन न ठेवता तुमचं खरं वजन आणि खरा गुरुत्वमध्य टाका.

---

उंचझेप

बापरे, एवढं सगळं. खूप खूप धन्यवाद, वहीत उतरवून घेतोय. दुसऱ्या दोन फिन आज गरम हवेच्या गनने हलक्या तापवल्या, दोन्ही सहज निघाल्या, आणि त्यांच्या कडा पण कोऱ्या! म्हणजे उडताना तीनही नुसत्या खाचेत अडकल्या होत्या म्हणून टिकल्या, अंगावर काटा आला.

आता नव्याने करतोय. फिलेट नक्की कशी करतात आणि किती मोठी? मी आधी केलेली ओघळून एका बाजूला गेली होती. आणि मोटरजवळ उष्णतेचं काय? अजून एक, मनगटाला आतल्या बाजूला लालसर पुरळ आलंय कालपासून, खाज आहे थोडी. इपॉक्सीमुळे असेल का?

---

चारचाफा

फिलेटच्या आधी तुझ्या मनगटाचं. हो, असू शकतं, आणि हे हलक्यात घेऊ नकोस रे. मी कंपोझिटचं काम करते, माझ्याबरोबरच्या एकीला हे कायमचं सोडावं लागलं.

इपॉक्सीची अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी येत नाही, हीच फसवी गोष्ट आहे. लोक वर्षानुवर्षं उघड्या हाताने काम करतात, काही होत नाही, मग एके दिवशी शरीर ठरवतं की आता बस, आणि त्यानंतर थेंबभर लागलं तरी पुरळ, डोळ्यांच्या पापण्या सुजणं, काहींना नुसत्या वाफेनेही त्रास. एकदा आली की सहसा जात नाही. म्हणून ज्यांना आज काही होत नाहीये त्यांनीच जास्त जपायचं.

नायट्राइलचे हातमोजे घाल, लॅटेक्सचे नको, आणि त्यावर इपॉक्सी लागलं की लगेच बदल, तेच घालून तासभर काम करू नकोस. बाही लांब. मनगट म्हणजे मोज्याची कड जिथे संपते तिथे, माझ्या अनुभवात सगळ्यात आधी तिथेच येतं. हाताला लागलं तर अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोलने पुसायचं नाही, ते त्वचेवरचं तेल काढून इपॉक्सी अजून आत पोचवतं, कोरड्या कागदाने टिपून साबण-पाण्याने धू. खिडकी उघडी ठेव. आणि घासताना मास्क हवाच, एन९५ किंवा त्याच्या वरचा, फायबरग्लासची धूळ आणि अर्धवट धरलेल्या इपॉक्सीची धूळ दोन्ही वाईट. मी तर शक्य तिथे पाणी लावूनच घासते, धूळ उडतच नाही.

पुरळ उतरेपर्यंत काम बंद ठेव, आणि वाढलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, इपॉक्सीचं काम करतोस हे आठवणीने सांग.

---

फायबरफिन

चारचाफा ताईंनी सांगितलंय ते आधी कर. रॉकेट कुठे पळून जात नाही.

आता फिलेट. आधी हे समजून घे की तुझ्या फिनला एकूण तीन ठिकाणी धरायचंय, टॅब मोटर ट्यूबला टेकतो तिथे, ट्यूबच्या भिंतीला आतून, आणि बाहेरून. बाहेरची दिसते म्हणून सगळा जीव तिच्यावर लावतात, पण मोटर ट्यूबवरची आतली फिलेटच सगळ्यात जास्त काम करते, कारण फिनला आडवा धक्का बसला की टॅबचं टोक आणि भिंत या दोन जागा मिळून तिला धरतात, जितकं अंतर तितकी पकड.

आत पोचायची युक्ती अशी की मागची सेंटरिंग रिंग (मोटर ट्यूबला बॉडीच्या मधोमध धरणारी चकती) आत्ता चिकटवायचीच नाही. ती कोरडी बसव, मोटर ट्यूब मधोमध राहावी म्हणून, फिन टाच, मग रिंग ओढून काढ (आधीच तिला मास्किंग टेपचं हँडल लावून ठेव, नाहीतर निघत नाही) आणि मागून लांब काडीने किंवा सिरिंजने आतल्या फिलेट भर. सगळं धरलं की शेवटी रिंग कायमची.

इपॉक्सी ओघळलं कारण नुसतं रेझिन पातळ असतं. त्यात कोलॉइडल सिलिका मिसळ, ती पांढरी अगदी हलकी पूड, फुंकर मारली तरी उडते म्हणून मास्क लावून. आधी रेझिन हार्डनर पूर्ण मिसळून घ्यायचं आणि मगच पूड, उलटं नाही. थोडी थोडी घालत जा, काडी उचलल्यावर शेंडा उभा राहिला पाहिजे, टूथपेस्टसारखं. बाहेरच्या फिलेटला सिलिका पुरते, आतल्यांना मी थोडे चिरलेले कार्बन किंवा काचेचे तंतू पण घालतो. मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पूड) मात्र जोडात कधीच नको, ते लांबी (पुट्टी) भरायला, वर शेप द्यायला, घासायला सोपं म्हणून, ताकद नसते त्यात. आणि हो, घट्ट केलेलं इपॉक्सी थेट कोरड्या जागेवर थापू नको, आधी नुसत्या पातळ रेझिनचा एक हात ब्रशने जिरवून घे, मग त्याच्यावर घट्ट.

करताना रॉकेट आडवं ठेव, दोन फिन वर अशी की त्यांच्यामधली खाच आकाशाकडे. दोन फिलेट एका वेळी होतात, मग धरेपर्यंत थांब, मग फिरव. तीन फिन म्हणजे तीन बैठका, घाई नाही. फिलेटच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप, मधे सिरिंजने सारखी दोरी सोड, मग गोल टोकाची काडी किंवा पाइपचा तुकडा, पाहिजे त्या त्रिज्येचा, एकाच दिशेने सलग ओढत न्यायचा. मधे उचलला की तिथे लाट राहते. नंतर मोजा घातलेलं बोट अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून हलक्या हाताने फिरव, आरशासारखी गुळगुळीत होते, पण बोट ओलसर इतकंच, निथळतं नको, अल्कोहोल आत मिसळलं तर वरचा थर कमजोर होतो. टेप काढायचा तो इपॉक्सी चिकट असतानाच, दगड झाल्यावर नाही, आणि फिलेटच्या उलट बाजूला ओढून.

किती मोठी? मुळाच्या लांबीच्या साधारण ४ ते ८ टक्के त्रिज्या असा ठोकताळा आहे. तुझी फिन मुळाशी किती लांब आहे? २०० मिमी धरू, तर ८ ते १६ मिमी. मी १० वर थांबेन. १० मिमी त्रिज्येच्या, २०० मिमी लांबीच्या एका फिलेटला ४.३ सीसी लागतं, सहा बाहेरच्या म्हणजे २६ सीसी, जवळपास ३० ग्रॅम. त्रिज्या दुप्पट केलीस तर दोनपट नाही, चौपट जातं, १०० ग्रॅमच्या वर. सुतारपक्षी जे म्हणतायत ते इथे लागू होतं. जोड चिकटलेला असेल तर १० मिमी भरपूर झाली, आणि चिकटलेला नसेल तर २० मिमीचा पण तसाच निघेल, चकचकीत.

दाबताना एक लक्षात ठेव. सुतारी ग्लूची सवय आहे तुला म्हणून, तिथे करकचून क्लॅम्प लावतो, इथे तसं करायचं नाही. इपॉक्सीला जोडात थोडी जाडी हवी, सगळं पिळून काढलं तर कोरडा जोड राहतो.

---

तोलमाप

उष्णतेचं मी सांगतो. मोटर जळते काही सेकंद, पण मोटरचं धातूचं कवच (केस) त्यानंतर तापत राहतं, उष्णता बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून उतरल्यावर हात लावला की चटका बसतो. फिनच्या फिलेट मोटर ट्यूबच्या बाहेर असतात, तिथपर्यंत पोचेस्तोवर बरीच कमी होते, चांगलं हळू धरणारं इपॉक्सी तिथे टिकतं. खरी अडचण मागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिटेनरची (मोटर मागून निघू नये म्हणून लावलेल्या झाकणाची), तो केसला चिकटून आणि धातूचा. तिथे आम्ही बहुतेक जण जेबी वेल्ड लावतो, ते करड्या रंगाचं, पोलादाची पूड असलेलं, एकास एक, कंपनी साधारण २८७ अंशांपर्यंत सोसतं म्हणते. मूळवालं घे, झटपटवालं नको, ते इतकं सोसत नाही. अ‍ॅल्युमिनियम पण घासून, पुसून लगेच चिकटवायचं, उद्यावर ठेवलं की परत ऑक्साइडचा थर जमतो.

बाकी स्ट्रक्चरलबद्दल विचारलंस. रॉकेटपॉक्सी, एरोपॉक्सीचं ईएस६२०९ ही दोन्ही एकास एक, आधीपासूनच घट्ट, फिलेटला सिलिका घालायचा त्रास नाही. चांगली आहेत, सोय आहे. पण लॅमिनेटिंग रेझिन आणि सिलिकाची पुडी घेतलीस तर त्याच एका रेझिनमध्ये पातळ पण होतं, घट्ट पण होतं, पुढे फिनवर कापड चढवायचं झालं तर तेही त्यातच. मी दुसरं घेईन.

एक राहिलं. थर चढवताना पहिला अजून किंचित चिकट असेल, नखाची खूण उमटते पण बोटाला येत नाही, तेव्हाच दुसरा चढवला तर दोन्ही रासायनिकरीत्या एक होतात. पूर्ण धरून गेला असेल तर वर कधीकधी मेणचट ओशट थर येतो, विशेषतः दमट किंवा थंड हवेत. तो नुसत्या घासण्याने जात नाही, पॉलिश पेपर भरून जातो, आधी पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने धू, मग घास.

---

उंचझेप

तीन आठवड्यांनी लिहितोय, पुरळ गेलं, डॉक्टरांना दाखवलं होतं, त्यांनीही मोज्यांचंच सांगितलं. आता नायट्राइलचे डबल घालतो, वरचा खराब झाला की काढून टाकतो.

थेट रॉकेटवर न करता आधी उरलेल्या फायबरग्लासच्या तुकड्यांचे जोड करून पाहिले. तीन केले, एक न घासता, एक पूर्वीसारखा २२० ने वरवर, एक धुवून, ८० ने, पाण्याची चादर पसरेपर्यंत. रेझिन एकच, एकाच कपातलं. दोन दिवसांनी व्हाइसमध्ये धरून वाकवले. पहिला नुसत्या हाताने टक् करून निघाला, तोच चकचकीत छाप. दुसरा थोडं जोर लावल्यावर, अर्धा चकचकीत, अर्धा मळका. तिसऱ्याला शेवटी हातोडी मारावी लागली आणि जोड गेलाच नाही, शीटचाच वरचा थर काचेच्या धाग्यांसकट उपटून आला. ते धागे बघून इतका आनंद झाला की काय सांगू.

फिन बसवल्या, आतल्या फिलेट झाल्या, बाहेरच्यांपैकी चार झाल्या, उद्या शेवटच्या दोन. आत्तापर्यंत एकूण ५८ ग्रॅम वाढलेत, वहीत आहे सगळं. पण टोकाला थोडं वजन लागणारच असं ओपनरॉकेट म्हणतंय, ४५ ग्रॅमच्या आसपास. नोज कोन प्लास्टिकचा आहे. आत इपॉक्सी आणि छर्रे ओतले तर चालेल ना?

---

सुतारपक्षी

वा, त्या तिसऱ्या तुकड्याचा फोटो टाक रे इथे, सगळ्यांना बघू दे.

नोज कोन बहुतेक पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असणार, त्याला इपॉक्सी चिकटत नाही, कितीही घास. आपण मिसळायचे कप त्याचेच असतात ना, वाळलेलं इपॉक्सी पिळलं की टपकन बाहेर येतं, तसंच आत होईल आणि पॅराशूट उघडताना झटका बसला की तो गोळा खाली येईल. म्हणून टोकाजवळ भिंतीतून आरपार एक-दोन भोकं पाड, त्यातून लाकडी काडी किंवा पातळ डॉवेल आडवी घाल, आणि मग ओत, म्हणजे गोळा काडीला अडकून राहील. बाहेर आलेली टोकं कापून लांबी भर.

आणि एकदम ओतू नको, १५-१५ ग्रॅमचे तीन हप्ते, हळू धरणारं रेझिन, कोन पाण्याच्या भांड्यात उभा करून. तोलमापचा कप आठव, प्लास्टिकचं टोक तसंच मऊ पडून वाकडं होऊ शकतं.